सत्तेचाळीस नंबरचा आवाज

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जिंगलवाल्याने नव्या सिंथेसायझरवर सत्तेचाळीस नंबरचा आवाज लावला आणि उजव्या हाताने सात-आठ सूर वाजवले. खोलीत पाच माणसं होती. तिघांनी माना डोलावल्या. पाचवी, म्हणजे ती, होती तशीच बसून राहिली. फक्त हातातला कप बशीवर टेकला तो जरा जोरात. कोणाच्या लक्षात आलं नाही. वाजलेल्या सुरांतला सहावा सूर किंचित उतरलेला होता, आणि तो तसा का उतरतो हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरा तिचा दादा, तिसरे तिचं यंत्र दुरुस्त करणारे मिस्त्री. यांतलं एकही माणूस हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीत कामाला नव्हतं.

वादकांसाठी निघणाऱ्या एका मासिकाची ती मागची खोली होती. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जुन्या सतरंज्या लावलेल्या, मधे टेबल, टेबलावर ते यंत्र. बारीक अंगाचं, राखाडी, एका हाताने उचलता येईल असं. संपादकांनी चार वादकांना बोलावलं होतं आणि काम सरळ होतं: प्रत्येकाने वाजवून बघायचं, प्रत्येकाने दोनशे शब्दांत मत द्यायचं, आजच, सात वाजेपर्यंत, कारण सातला पान छपाईला सुटतं. यंत्राची बातमी त्याच्या किमतीत होती. एवढ्यात पूर्वी चांगल्या सिंथेसायझरची नुसती पेटी आली असती. किंमत खाली आणायची युक्ती अशी की सूर जन्माला येतो तो चिपमध्ये, आकड्यांतून. पण पुढे तो खऱ्या विजेच्या खऱ्या फिल्टरमधून गाळून बाहेर पडतो. म्हणजे निम्मं डिजिटल आणि निम्मं जुन्या पद्धतीचं, ॲनालॉग. संगीत विद्यालयात शिकवणाऱ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून म्हटलं होतं की याचा बाप एका गावचा आणि आई दुसऱ्याच गावची. त्यावर हॉटेलच्या लॉबीत रोज संध्याकाळी वाजवणारी मुलगी म्हणाली, “सर, सगळ्यांचंच तसं असतं.” सगळे हसले, सरही हसले. तीही हसली असावी. तेव्हा सत्तेचाळीस नंबर अजून लागायचा होता.

जिंगलवाल्याने तोच आवाज पुन्हा वाजवला. या वेळी तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि तो. मग पुन्हा पाच, आणि तो. तिच्या घरी तीस वर्षं जे यंत्र होतं, दोन माणसांनी उचलावं लागणारं, पूर्ण ॲनालॉग, त्याच्या पोटात आवाजाची सहा कार्डं होती. पट्टी दाबली की पहिलं कार्ड बोलायचं, दुसरी दाबली की दुसरं, अशी पाळी फिरत फिरत पुन्हा पहिल्यावर यायची. त्यातलं सहावं कार्ड अधू होतं. कोणतीही पट्टी दाबा, सहाव्या पाळीचा सूर केसभर खाली यायचा. दुसऱ्या कोणी ते कार्ड बदललं असतं. तिने बदललं नाही. ती मोजायला शिकली. रेकॉर्डिंगच्या आधी आवाजाचं पेडल पूर्ण बंद करून ती दोन-तीन पट्ट्या मुक्याच दाबायची, म्हणजे तेवढी कार्डं खर्ची पडायची आणि सहाव्याची पाळी तिला हवी तिथे यायची. बहुधा ओळीच्या शेवटी, जिथे सूर थकून खाली बसल्यासारखा वाटावा. ध्वनिमुद्रकांना वाटायचं बाई बोटं मोकळी करतायत. ऐकणारे म्हणायचे, शेवटी सूर कसा विसावतो बघा. त्या विसाव्यावर तिचं घर चाललं होतं. लोक तिला बोलवायचे ते तिच्या त्या आवाजासाठी, आणि तो आवाज दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आता तो टेबलावर होता, सत्तेचाळीस नंबरला, ज्याला हवा त्याच्यासाठी, सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे.

मतं सुरू झाली. ती एका कानाने ऐकत होती. जिंगलवाल्याचं म्हणणं होतं की तो उद्याच एक घेणार; वीस सेकंदांच्या जाहिरातीत कोण कान लावून ऐकतं, आणि बिघडलं तर दुसरं घेता येईल. मात्र या सत्तेचाळीसमध्ये मधेच कोणीतरी डोळा मारतं, असं तो म्हणाला, आणि कुठे ते सापडत नाही. सरांना ऊब सापडली नाही. ऊब हा शब्द त्यांनी सहा वेळा वापरला, आणि संपादकांनी तो प्रत्येक वेळी लिहून घेतला. फिल्टर खरा असून काय उपयोग, ते म्हणाले, गाळणी चांदीची असली म्हणून पाण्याचं दूध होत नाही. हॉटेलातल्या मुलीने वाजवलं कमी आणि उचलून पाहिलं जास्त. तिला रोज दोन बस बदलून जावं लागतं. तिचं आजचं कीबोर्ड हॉटेलचं आहे, आणि हॉटेलवाले पुढच्या महिन्यापासून ज्याचं वाद्य त्याने आणावं असं म्हणतायत. मग ती मुलगी थेट हिच्याकडे वळली. “ताई, तुमच्यासारखं यंत्र मी या जन्मात घेणार नाही. हे मला परवडतं. मला एवढंच सांगा, हे चारचौघांत दगा देईल का?”

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. देईल. दर सहाव्या सुराला देईल. हॉटेलात कोणीतरी कॉफी पिताना मान वर करेल, पुन्हा करेल, आणि महिन्याभरात व्यवस्थापक म्हणेल, बाई जरा बेसूर आहेत. पण पेडल बंद करून पट्ट्या मोजल्या तर देणार नाही. उलट लोक विचारतील, तो शेवटचा सूर कसा काढता. हे एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. तेवढं एक वाक्य सोडलं तर तिच्यापाशी दुसरं काय उरलं होतं, हे ती खुर्चीत बसल्या बसल्या शोधत राहिली. शेवटी तिने संपादकांना म्हटलं की मला याच्याबरोबर थोडा वेळ एकटीला बसू द्या. संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. “ताई, बसा हवा तेवढा वेळ. पण सातला पान सुटतं, लक्षात आहे ना?” “हो,” ती म्हणाली.

तिच्या ‘हो’ची घरात थट्टा होती. नवरा म्हणायचा, हिच्या ‘हो’ला दोन दिवस खाली ठेवावं, गाळ बसला की मग प्यावं. डोक्यात काहीतरी वाजत असलं की ती कशालाही हो म्हणायची. पाहुण्यांना जेवायला, दूधवाल्याला जास्तीच्या लिटरला, मुलाला सहलीला. यंत्र अधू झालं तेही त्यामुळेच. नव्या घरी तिसऱ्या मजल्यावर ते चढवताना दादा वरच्या पायरीवर होता, ती खालच्या. वळणावर हात बदलायला तो थांबला आणि म्हणाला, धरलंयस ना? तिच्या डोक्यात त्या वेळी एक चाल फिरत होती. दुसरी ओळ खाली कुठे न्यावी हे सुचत नव्हतं. हो, ती म्हणाली, आणि तिने धरलं नव्हतं. यंत्र चार पायऱ्या घसरत गेलं आणि कठड्याला लागून थांबलं. वर नेल्यावर दोघांनी जमिनीवर बसून ते लावलं, ते वाजलं, आणि दादाने सुटकेचा श्वास टाकला. मग त्याने मान तिरकी केली. मोज, तो म्हणाला, प्रत्येक सहावा. दादा तेव्हा बास गिटार वाजवायचा. आता त्याच्या दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं आहेत आणि वरचे सूर त्याला येतच नाहीत. मागे एकदा तिने त्याला विचारलं होतं, तुला तो सहावा अजून कळतो का? सूर नाही कळत, तो म्हणाला, पायऱ्या आठवतात.

पाच वाजेपर्यंत ती त्या सतरंज्यांच्या खोलीत होती. बाहेर कोणाचा तरी फोन वाजत होता, खाली रस्त्यावर कोणीतरी पत्रा कापत होतं. पत्र्याचा सूर वरच्या पट्टीतला आणि अगदी बरोबर. तिने सत्तेचाळीस नंबर लावून एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली. आधी राग आला तो मिस्त्रींचा. तिचं यंत्र आठ महिने त्यांच्याकडे पडून होतं. आतला ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि तसा दुसरा मिळत नव्हता. त्या आठ महिन्यांत तिला बोलावणी आली चार. यंत्र नसेल तर राहू द्या ताई, असं लोक फार अदबीने म्हणायचे. आणि इकडे मिस्त्रींनी ते कोणाला तरी उघडून दाखवलं होतं, दुसरा अर्थच निघत नव्हता. बावीस वर्षं ज्या माणसाच्या टेबलावर आपण आपलं पोट उघडं ठेवलं, त्याने. तिने मनातल्या मनात त्यांना काय काय सुनावलं, आणि सुनावताना बोट पट्टीवर पडतच होतं: पाच, आणि तो, पाच, आणि तो. असं पन्नास-साठ वेळा झाल्यावर राग आपोआप मागे सरला आणि कान पुढे आला. तो सूर तिचा होता, पण तो जरा जास्तच खाली होता.

तिने फोनमधला ट्यूनर उघडला. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर तिच्या यंत्राचा सहावा चार भागांनी उतरायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने तसं पेन्सिलने लिहूनही ठेवलं होतं. इथे काटा नऊवर होता. पुन्हा दाबलं, नऊ. खिडकी उघडून थोड्या वेळाने दाबलं, नऊ. तिचं यंत्र असं कधीच वागलं नव्हतं. ते हवेबरोबर हलायचं, थंडीत रुसायचं, दुपारी खुलायचं. याला दिवस-रात्र नव्हती, एकच वेळ याच्यात गोठवून ठेवली होती. आणि ती वेळ कुठली हे ती झोपेतही सांगू शकली असती. नऊ म्हणजे सुरू करून जेमतेम दहा मिनिटं झालेलं यंत्र. जुनं ॲनालॉग यंत्र तापायला चाळीस मिनिटं घेतं. तोवर सूर चढत राहतो, जागेवर येत नाही. तोवर त्याचं माप घ्यायचं नसतं, हे कोणत्याही वादकाला कळतं, आणि मिस्त्रींना तर इतकं कळतं की ते गिऱ्हाइकाला दुकानात बसवून ठेवतात, यंत्रावर जुनी शाल टाकतात आणि म्हणतात, आधी त्याला जागं होऊ द्या, मग काय विचारायचं ते विचारा. गंजिफ्राक घालून लग्नाचा फोटो काढावा तशी ही चूक होती. मिस्त्री ती करणं शक्य नव्हतं. म्हणजे माप घेताना मिस्त्री तिथे नव्हते, किंवा होते आणि त्यांनी ती मुद्दाम होऊ दिली.

पाचला ती निघाली तेव्हा संपादक काचेमागून घड्याळाकडे बोट दाखवत हसले. मिस्त्रींच्या दुकानापर्यंत चालत चाळीस मिनिटं लागतात. बस होती, पण ती चालली. एका इमारतीच्या तळघरातून कोणीतरी नव्याने शिकत असलेलं कुठलंसं वाद्य ऐकू येत होतं, तीन सूर वर आणि चौथ्याला अडखळणं. वाटेत तिने मिस्त्रींना विचारायचं वाक्य तयार केलं, मग ते जास्त कडक वाटलं म्हणून सैल केलं, मग इतकं सैल झालं की त्यात प्रश्नच उरला नाही.

मिस्त्री खाली मान घालून काम करत होते. सत्तरी गाठलेला माणूस, डोळ्यांवर दोन चष्मे एकावर एक. टेबलावर तिचं यंत्र होतं, झाकण उघडं, सहा कार्डं ओळीत उभी. “बरं झालं आलात,” ते म्हणाले. “फोन करणारच होतो. परवा ट्रान्सफॉर्मर मिळाला.” तिने पिशवी खाली ठेवली आणि तयार केलेलं वाक्य न वापरता सांगितलं की आज एका नव्या यंत्रावर सत्तेचाळीस नंबरला मी माझा आवाज ऐकला. मिस्त्रींनी वरचा चष्मा काढला. मग चिमट्याने धरलेली एक बारीक तार काळजीपूर्वक बशीत ठेवली. हो, ते म्हणाले, येणार होतं ते बाजारात. सहा महिन्यांपूर्वी त्या कंपनीची दोन माणसं आली होती. जुन्या यंत्रांच्या आवाजांची मापं घेत गावोगाव फिरत होती. तिच्या यंत्राला दुसरीकडून वीज जोडली तर ते तासभर सहज चाललं असतं, हे मिस्त्रींना माहीत होतं. “मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. मंगळवार होता, सव्वाअकराची वेळ. तुमच्या मागे कोणीतरी ड्रम वाजवत होतं.”

ड्रम म्हटल्यावर तिला सगळं आलं. एका कानावर हेडफोन, दुसऱ्यावर फोन, काचेपलीकडे ड्रमवाला पुन्हा पुन्हा तोच तुकडा चुकवतोय, आणि मिस्त्रींचा आवाज, लांबून, माप, कंपनी, हरकत. आणि तिचा स्वतःचा आवाज: हो हो, करा काय ते. दिवसभर ज्या माणसाला ती मनातल्या मनात सुनावत होती त्याच्या समोरच्या स्टुलावर ती बसली. राग तसाच होता, पण त्याला आता जायला जागा नव्हती.

“तुम्ही हो म्हणालात,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणाले असेन.”

“पण मला ते ‘हो’ नीट लागलेलं वाटलं नाही. बावीस वर्षं ऐकतोय.” त्यांनी चष्मा पुसला. “नाही म्हणायचा मला हक्क नव्हता. ती माणसं म्हणाली, घेऊ का माप? मी म्हटलं घ्या. गरम व्हायला थांबायचं असतं हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“तुम्ही सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.” त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा चढवला. “ते बरोबर झालं का नाही, मला अजून कळलेलं नाही. तेही कोणीतरी विकत घेणारच ना. कोणी गरजू.”

सहा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींनी तिच्या यंत्राचं बटण दाबलं. पुढचा लाल दिवा आठ महिन्यांनी लागला. त्यांनी झाकण मिटून शाल टाकली, ट्यूनर काढून तिच्यासमोर ठेवला आणि आधीच सांगून टाकलं की सहावं कार्ड जुनंच आहे, हात लावलेला नाही. पण नवा ट्रान्सफॉर्मर म्हणजे नवी वीज, ते पूर्वीच्या जागेवर येईल याची खात्री देत नाही. चारवर येईल, पाचवर येईल, कदाचित शून्यावर येईल आणि एकदम शहाणं होईल. मग काय करायचं, असं तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, मग तुम्हाला सगळं आयुष्य सरळ वाजवावं लागेल, बाकीच्यांसारखं. आणि दोघंही हसले, आणि हसणं लवकर संपलं.

तिने शालीच्या कडेखालून हात घालून सहा पट्ट्या दाबल्या. सहावा अकरा भागांनी खाली. दहा मिनिटांनी नऊ. सत्तेचाळीस नंबर, तोच, हुबेहूब. फरक एवढाच की इथे तो क्षण तिच्या डोळ्यांसमोर आला आणि पुढे गेला, थांबला नाही. पुढल्याच फेरीला आठ. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी तिच्या फोनवर हॉटेलातल्या मुलीचा निरोप आला: ताई, दुकान आठला बंद होतं. आज शेवटचा नग आहे म्हणतात. घेऊ की नको? पाठोपाठ संपादकांचा: फक्त तुमचंच राहिलंय. तिने मत लिहायला घेतलं. ‘किमतीच्या मानाने’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘ऊब’ लिहिलं आणि जास्त घाईने खोडलं. ‘हे यंत्र दगा देईल’ लिहून त्याकडे बराच वेळ पाहिलं. ते खरं होतं आणि तेवढंच लिहून थांबलं तर खोटं होतं. मिस्त्रींनी तिच्यासाठी पाणी आणून ठेवलं आणि फोनकडे न बघता पुन्हा आपल्या तारेकडे वळले. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. शालीखालून यंत्राचा वास यायला लागला, तापलेल्या धुळीचा, तिच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीचा. ती पुन्हा पट्ट्या दाबत होती, मोजत होती. मोजायची गरज नव्हती, पण तोंडात अंक येतच होते.

सात वाजायला दहा मिनिटं असताना यंत्र सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. ट्यूनरचा काटा सातवर होता. गेल्या तीन फेऱ्या तो तिथेच होता. मिस्त्री म्हणाले, अजून पाच मिनिटं बघू. फोनच्या पडद्यावर एक वाक्य होतं, अर्धं: ‘सत्तेचाळीस नंबर वाजवण्याआधी पेडल पूर्ण बंद करा आणि’.